बेळगावात बसून अमेरिकेत मत कसं द्यायचं, आणि मग जाब कसा विचारायचा

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात अमेरिकी नागरिक असलेली माणसं बरीच आहेत. कोणी आईवडिलांच्या आजारपणापायी परत आलंय, कोणी निवृत्त होऊन हिंदवाडीत फ्लॅट घेतलाय, कोणाची मुलं तिकडं जन्मली आणि आता इथल्या कॉलेजात शिकतायत. त्यांतल्या ज्यांच्याशी माझं बोलणं झालं, त्यांतले निम्मे म्हणतात, "इथनं मत देता येतं व्हय?" आणि उरलेले म्हणतात, "एका मतानं काय होतंय?" हे दोघांसाठी लिहितेय.

मी पेनसिल्व्हेनियातल्या अ‍ॅलनटाउनची मतदार. तिथल्या एका रुग्णालयाच्या बिलिंग विभागात बरीच वर्षं काढली, नागरिकत्वही तिथंच घेतलं. आता आईचं करायला टिळकवाडीत असते. मत डेमोक्रॅटिक पक्षाला देते, विचारानं उदारमतवादी आहे, हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं माझी मतं येणारच. तुमचा कल दुसरीकडं असेल तरी पद्धत हीच वापरा.

एका मतानं काय होतं याचं उत्तर माझ्याच मतदारसंघात आहे. २०२४ ला आमच्या सातव्या मतदारसंघात सुझन वाइल्ड सुमारे ४,००० मतांनी पडल्या आणि रायन मॅकेन्झी निवडून आले. २०१६ मध्ये अख्खं पेनसिल्व्हेनिया ट्रम्प यांनी ४४,२९२ मतांनी घेतलं, २०२० मध्ये बायडन यांनी ८०,५५५ मतांनी. एवढ्या मोठ्या राज्याचा कौल एवढ्याशा फरकानं फिरतो.

आधी कोण पात्र, कोण नाही

अमेरिकी नागरिक हवा, वय अठरा. ग्रीन कार्ड चालत नाही. ग्रीन कार्डवाल्यानं तिथल्या राष्ट्रीय निवडणुकीत मत देणं हा गुन्हा आहे आणि त्यात देशाबाहेर काढलं जाण्यापर्यंत पाळी येते. म्हणून "भरून तर बघू" असलं काही करू नका. नागरिक परदेशात राहत असला तरी १९८६ च्या कायद्यानं त्याचा मताचा हक्क शाबूत आहे. शेवटचा पत्ता ज्या राज्यात होता, त्या राज्याचे तुम्ही मतदार. तिथलं घर विकलं असलं तरी चालतं. तिकडं जन्मून तिसऱ्या-चौथ्या वर्षी इथं आलेली मुलंसुद्धा त्याच पत्त्यावर मतदार होतात. हे त्यांच्या आईबापांना बहुधा माहीतच नसतं.

दुसरी बाजू अशी की ओसीआय कार्डावर, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाला मिळणाऱ्या कार्डावर, इथं भारतात मत देता येत नाही. जुनं नाव इथल्या मतदारयादीत तसंच राहिलं असेल तर नमुना ७ भरून ते कमी करून घ्या.

फॉर्म

याचं नाव फेडरल पोस्टकार्ड अ‍ॅप्लिकेशन. नोंदणी आणि मतपत्रिकेची मागणी, दोन्ही एकाच कागदावर होतात. फेडरल व्होटिंग असिस्टन्स प्रोग्रामच्या संकेतस्थळावर भरता येतो. मग छापा, सही करा आणि आपल्या काउंटीच्या, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या, निवडणूक कार्यालयाला पाठवा. सही जुन्या नोंदणीशी जुळणारी हवी. लग्नानंतर किंवा हात थरथरायला लागल्यावर सही बदललेली असते, तेव्हा आधीची आठवून करा.

यात एक चौकट नीट वाचून भरायची आहे. परत जायचा इरादा आहे, का अजून ठरलेलं नाही, असं त्यात विचारतात. मी "ठरलेलं नाही" लिहिते. त्यामुळं मला फक्त राष्ट्रीय पदांची मतपत्रिका येते. म्हणजे राष्ट्राध्यक्ष, सिनेट आणि प्रतिनिधिगृह. गव्हर्नर नाही, शाळेचं मंडळ नाही. पेनसिल्व्हेनियात २०२६ ला सिनेटची जागा नाही, त्यामुळं माझ्या कागदावर एकच लढत असणार, आमच्या खासदाराची. एकच असल्यामुळं तिचा अभ्यास करायला भरपूर वेळ मिळतो. मतपत्रिका ईमेलनं मागवा, टपालानं नको.

कोणाला द्यायचं हे कसं ठरवायचं

या भागावर सगळ्यात जास्त वेळ घाला. निवडणुकीच्या हंगामात तिथं टीव्हीवर आणि मोबाइलवर जाहिरातींचा नुसता मारा असतो. त्या अंतरामुळं आपल्यापर्यंत कमी पोचतात, हा आपला फायदा आहे. आपण सरळ नोंदी उघडायच्या.

विद्यमान खासदार काय बोलला ते बाजूला ठेवा. त्यानं मत काय दिलं ते बघा. काँग्रेसच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या, संकेतस्थळावर विधेयकाचा नंबर टाकला की कुठल्या तारखेला काय झालं याची यादी येते, आणि तिथून नावानिशी मतदानापर्यंत जाता येतं. बाजूनं, विरोधात, हजर पण तटस्थ, गैरहजर, हे सगळं प्रत्येक नावापुढं लिहिलेलं असतं. मात्र ते मत कशावर होतं ते आधी वाचा. अंतिम मंजुरीवर होतं, का दुरुस्तीवर, का चर्चेच्या नियमावर, का विधेयक समितीकडं परत पाठवायच्या प्रस्तावावर? जाहिरातीत जे "यांनी अमक्याच्या विरोधात मत दिलं" म्हणून येतं, ते पुष्कळदा असल्या मधल्या प्रस्तावावरचं असतं. दोन्ही पक्ष हे करतात. मी फक्त अंतिम मंजुरीचं मत वहीत उतरवून घेते.

एक उदाहरण बघा. विधेयक एच आर १, ज्याला ट्रम्प यांनी 'वन बिग ब्यूटिफुल बिल' म्हटलं. १ जुलै २०२५ ला सिनेटमध्ये ५१ विरुद्ध ५०, उपाध्यक्ष व्हान्स यांच्या निर्णायक मतानं मंजूर. ३ जुलैला प्रतिनिधिगृहात २१८ विरुद्ध २१४. आमचे मॅकेन्झी बाजूनं. रिपब्लिकन पक्षातले दोघंच विरोधात गेले, केंटकीचे मॅसी आणि आमच्या शेजारच्या पहिल्या मतदारसंघाचे ब्रायन फिट्झपॅट्रिक. फिट्झपॅट्रिक माझ्या पक्षाचे नाहीत, तरी त्या दिवशीच्या मताबद्दल माझ्या वहीत त्यांच्या नावापुढं चांगली खूण आहे.

या कायद्यामुळं २०३४ पर्यंत सुमारे एक कोटी माणसं जास्तीची विम्याबाहेर जातील, असा काँग्रेसच्याच अर्थसंकल्प कार्यालयाचा अंदाज आहे. हा आकडा बघून माझ्या पोटात कालवतं. मेडिकेडचं, म्हणजे गरिबांसाठीच्या सरकारी आरोग्यविम्याचं, कार्ड बंद पडल्याचं बिलिंगच्या खिडकीत आल्यावरच कळलेली माणसं मी बघितली आहेत. एक बाई मुलाचं इन्हेलर घ्यायला आली होती. कार्ड चालत नाही म्हटल्यावर तिनं पर्समधली चिल्लर काउंटरवर काढली, मोजली, आणि परत आत टाकली. पात्रता तिची गेलेली नव्हती, फक्त एक पत्र जुन्या पत्त्यावर गेलं होतं. कागदाच्या अटी वाढवल्या की गरीब माणूस असाच गळतो.

आता याच कायद्यातल्या तारखा बघा. टिप्सवरच्या करातली सवलत २०२५ च्या कमाईपासूनच लागू झाली. मेडिकेडसाठी महिन्याला ८० तास काम दाखवायची अट मात्र २०२६ संपेपर्यंत लागू व्हायची. मध्यावधी निवडणूक, म्हणजे राष्ट्राध्यक्षांच्या मुदतीच्या मध्यावर येणारी ठरलेली निवडणूक, ३ नोव्हेंबर २०२६ ला आहे. गोड ते मतदानाआधी आणि कडू ते मतदानानंतर, अशी ही मांडणी आहे. कुठलाही कायदा वाचताना "काय" इतकंच "कधीपासून" बघा. माझ्या मते मतदाराच्या हातातलं हे सगळ्यात उपयोगी हत्यार आहे, आणि त्याला वकिली शिक्षण लागत नाही.

आपल्या भागाशी थेट संबंध असलेलंही एक कलम त्यात होतं. परदेशी पाठवायच्या पैशावर कर. आधी ५ टक्के म्हणत होते, मग ३.५, शेवटी १ टक्का, आणि तोही रोख किंवा मनीऑर्डरसारख्या मार्गानं पाठवलेल्या पैशावर, १ जानेवारी २०२६ पासून. बँक खात्यातून पाठवला तर लागत नाही. शहापूर-वडगावात मुलगा महिन्याला पैसे पाठवतो म्हणून घर चालणारी कुटुंबं आहेत. त्यांना हे सांगा, आणि ५ टक्क्यांच्या मसुद्याला आपल्या खासदारानं काय म्हटलं होतं तेही बघा.

आपल्या पक्षाला तीच मोजपट्टी

ही गोष्ट मी आग्रहानं सांगते, कारण इथंच आपण सगळे ढिले पडतो. ट्रम्प यांनी २४ जानेवारी २०२५ च्या रात्री सुमारे १७ महानिरीक्षकांना काढून टाकलं. खात्यांमधला गैरव्यवहार शोधायला १९७८ च्या कायद्यानं नेमलेली ही माणसं. त्यांना काढायचं तर काँग्रेसला ३० दिवस आधी कारणासह कळवावं लागतं, ते कळवलं नाही. काँग्रेसनं मंजूर केलेला पैसा खर्चच न करण्याचे प्रकार झाले, त्याला १९७४ च्या कायद्यानं मनाई आहे. ६ जानेवारी २०२१ ला संसदेवर चालून गेलेल्या सुमारे दीड हजार लोकांना पहिल्याच दिवशी माफी दिली. या तिन्ही गोष्टी मला अक्षम्य वाटतात. पहारेकऱ्यालाच घालवून दिल्यावर हिशेब कोण मागणार?

पण मग १ डिसेंबर २०२४ ला बायडन यांनी स्वतःच्या मुलाला, हंटरला, माफी दिली तेव्हाही मला तितक्याच स्वच्छपणे म्हणावं लागतं की हे चूक होतं. आमच्या शेजारच्या न्यू जर्सीचे डेमोक्रॅट सिनेटर बॉब मेनेंडेझ लाचखोरीत दोषी ठरले आणि ११ वर्षांच्या शिक्षेवर गेले. घरात सोन्याच्या लगडी सापडल्या होत्या. रिपब्लिकनांच्या हातातल्या टेक्साससारख्या राज्यानं ऑगस्ट २०२५ मध्ये मधेच मतदारसंघांचे नकाशे बदलले, आणि उत्तर म्हणून आमच्या पक्षाच्या हातातल्या कॅलिफोर्नियानं नोव्हेंबरमध्ये जनमत घेऊन आपल्या बाजूनं बदलले. कॅलिफोर्नियानं निदान लोकांना विचारलं, हा फरक मी मानते. तरीही पुढाऱ्यानं आपले मतदार निवडून घ्यावेत हे मला कुठल्याच राज्यात पटत नाही.

सीमाभागातल्या माणसाला हे समजावून सांगायला लागू नये. १९५६ ला रेषा आखणाऱ्यांनी आपल्याला विचारलं नव्हतं. महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात पडून आहे. आमचे अण्णा १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात होते. १ जूनला हिंडलग्याच्या स्मारकावर ते न चुकता जात. "सरकार कुणाचंबी असू दे, कागद दाखव म्हणायचं," हे त्यांचं वाक्य. अजून आपण मराठीत परिपत्रकं मिळावीत म्हणून निवेदनं देतोय. तिकडं मतदान हक्क कायद्यात १९७५ साली कलम २०३ घातलं. एखाद्या भागात इंग्रजी नीट न येणारे एका भाषेचे मतदार-नागरिक ५ टक्के किंवा १०,००० च्या वर गेले की त्या भाषेत मतदानाचे कागद द्यावे लागतात. ज्या भाषिक गटांचं नाव कायद्यात आहे त्यांच्यापुरतं हे आहे, पण त्यामुळं न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये बंगाली आणि शिकागोच्या कुक काउंटीत हिंदी मतपत्रिका मिळते. हा कायदा जो उमेदवार मजबूत करेल त्याच्याकडं माझं मन ओढ घेतं, याला बेळगावच कारण आहे.

मतपत्रिका भरणं आणि पाठवणं

२००९ च्या दुरुस्तीनं परदेशात राहणाऱ्या मतदारांना निवडणुकीच्या ४५ दिवस आधी मतपत्रिका पाठवणं बंधनकारक आहे. २०२६ साठी ती तारीख १९ सप्टेंबर. गणपती बसतायत १४ ला, अनंत चतुर्दशी २५ ला. म्हणजे ईमेल येणार ऐन उत्सवात, घरात पाहुणे असताना. मिरवणूक संपेपर्यंत थांबू नका.

पेनसिल्व्हेनियाला भरलेली मतपत्रिका ईमेलनं परत चालत नाही, कागदच पोचावा लागतो. काही राज्यांत ईमेल चालतो, आपल्या राज्याचं बघून घ्या. झेरॉक्सच्या दुकानात छापत असाल तर "फिट टू पेज" काढून मूळ आकारात छापायला सांगा, आणि मतपत्रिकेसोबतच्या प्रतिज्ञापत्राची फाइल त्यांच्या कॉम्प्युटरवर ठेवून येऊ नका. त्यावर जन्मतारीख आणि पत्ता असतो. काळं पेन वापरा. मतपत्रिका आतल्या पाकिटात घाला. त्या पाकिटावर नाव, खूण, काही नको. सही केलेलं प्रतिज्ञापत्र सूचनेत सांगितलंय तसं बाहेरच्या पाकिटात. डिंकानं नीट बंद करा.

मग कॅम्पातलं मुख्य टपाल कार्यालय, आंतरराष्ट्रीय स्पीड पोस्ट. संकेतस्थळावर मिळणारा "टपालखर्च भरलेला" शिक्का भारतीय टपालात चालत नाही, तो अमेरिकी टपालासाठीच आहे. काउंटरवर "डॉक्युमेंट" सांगा, पावती जपून ठेवा, तिच्यावरच्या नंबरानं माग काढत राहा. कुरिअर करणार असाल तर पोस्टबॉक्सचा पत्ता चालणार नाही, काउंटी कार्यालयाचा रस्त्याचा पत्ता हुडका. कर्नाटकातल्या अमेरिकी नागरिकांचं काम चेन्नई कॉन्सुलेटकडं येतं, आणि कॉन्सुलेटमधूनही मतपत्रिका जाऊ शकते, पण त्याला वेळ धरून चाला.

२०२५ चा ऑगस्ट विसरू नका. आयात पार्सलांवरची करमाफी काढणारा ट्रम्प यांचा आदेश आला, विमान कंपन्या माल घेईनात, आणि भारतीय टपाल खात्यानं अमेरिकेला जाणारं टपाल थांबवलं, शेवटी पत्रंसुद्धा. सेवा पूर्ववत झाली १५ ऑक्टोबरला. ते निवडणुकीचं मोठं वर्ष असतं तर आपली मतं इथंच अडकली असती. म्हणून शेवटच्या तारखेवर विसंबू नका. मतदानाच्या दिवसानंतर पोचलेलं टपाल काही राज्यं मोजतात, पण त्यावरून कोर्टकज्जे चालूच असतात. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात पाकीट बेळगावातून निघालेलं असलं पाहिजे.

मतपत्रिका आलीच नाही तर फेडरल राइट-इन अ‍ॅब्सेंटी बॅलट डाउनलोड करा, उमेदवाराचं किंवा पक्षाचं नाव हातानं लिहा आणि पाठवा. नंतर खरी मतपत्रिका आली तर तीही भरून पाठवा, मोजतात एकच.

आपल्या मतावर डोळा असलेलेही आहेत. २०२४ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्याच सहा रिपब्लिकन खासदारांनी परदेशात राहणाऱ्या मतदारांच्या मतपत्रिका वेगळ्या ठेवाव्यात म्हणून दावा लावला. तो ऑक्टोबरअखेर न्यायालयानं फेटाळला. असल्या वेळी पावती, ईमेल, सहीची प्रत, सगळं एका फोल्डरमध्ये असू द्या.

जाब

मत देऊन काम अर्धंच होतं. खासदाराच्या संकेतस्थळावरच्या फॉर्ममध्ये पिनकोड मागतात, तिथं आपल्या शेवटच्या पत्त्याचा झिप कोड घाला. फोन करायचा असेल तर उन्हाळ्यात आपले संध्याकाळचे साडेसहा म्हणजे वॉशिंग्टनचे सकाळचे नऊ, हिवाळ्यात साडेसात. एका वेळी एकच प्रश्न, विधेयकाच्या नंबरासह. "मेडिकेड वाचवा" म्हटलं की छापील उत्तर येतं. त्याऐवजी असं विचारा: "८० तासांच्या अटीमुळं आमच्या लीहाय काउंटीतल्या किती जणांचं कार्ड जाईल याचा अंदाज तुम्ही मत देण्याआधी मागवला होता का? हो किंवा नाही." उत्तर आलं तर तारखेसह ठेवा, नाही आलं तर तेही तारखेसह लिहा.

खात्याकडून कागद हवे असतील तर माहिती स्वातंत्र्याचा १९६६ चा कायदा आहे. २० कामाच्या दिवसांत उत्तर द्यायचं असतं. प्रत्यक्षात जास्त लागतात, तगादा लावा. अर्ज कोणीही करू शकतो, नागरिक नसला तरी. मात्र काँग्रेस, न्यायालयं आणि राष्ट्राध्यक्षांचं जवळचं कार्यालय त्यात येत नाही. आमच्या दादाला इथल्या माहिती अधिकाराची सवय, दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर आणि ३० दिवस, त्यामुळं अर्ज कसा नेमका लिहायचा ते मी त्याच्याकडूनच शिकले. कुठलं कार्यालय, कुठला कालावधी, कुठला कागद, बस्स.

पैशाचं थोडक्यात. उमेदवाराला २०० डॉलरच्या वर देणाऱ्याचं नाव फेडरल इलेक्शन कमिशनच्या संकेतस्थळावर मिळतं. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०१० च्या सिटिझन्स युनायटेड निकालानंतर बाहेरच्या संस्थांचा अमर्याद पैसा आला आणि त्यातला काही कुणाचा ते कळतच नाही. भारतात सर्वोच्च न्यायालयानं १५ फेब्रुवारी २०२४ ला निवडणूक रोखे रद्द केले, तसा निकाल तिकडं यावा असं मला मनापासून वाटतं. आणि घरच्यांना सांगून ठेवा. २०२४ ला आमच्या मावशीला कमला हॅरिसना पाचशे रुपये द्यायचे होते. "आपल्याच तिकडची पोरगी की गं ती!" परदेशी नागरिकाकडून एक डॉलरसुद्धा घेता येत नाही, आणि तुमच्या नावावर मावशीचे पैसे घालणं हाही गुन्हाच. मी तिला ते सांगितलं, तिनं ऐकलं.

निकाल लागला की ३ जानेवारी २०२७ ला नव्या प्रतिनिधिगृहाची मुदत सुरू होईल. त्या आठवड्यात नव्या किंवा जुन्या खासदाराला पहिलं पत्र जाऊ द्या, आणि पत्राबरोबरच पोस्टकार्ड अ‍ॅप्लिकेशनही नव्यानं भरा, कारण जुना अर्ज त्या वर्षापुरताच धरतात. ईमेलचा पत्ता बदलला असेल तर तो तेव्हाच दुरुस्त करून घ्या. मतपत्रिका येते ती त्याच पत्त्यावर.